पाच बोटांची कोंबडी

वलगावच्या पंचफुलाबाईंना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा एक कोंबडी माझ्या वजनकाट्याला उलटी टांगलेली होती आणि अख्खी रांग मला हसत होती.

मानमोडीची लस टोचायला आम्ही गावात गेलो होतो. मानमोडी आली की कोंबडीची मान वाकडी होते आणि आठवड्याभरात अख्खं खुराडं रिकामं होतं. मी नुकतीच पशुवैद्यक झालेली, ही पहिलीच नेमणूक. माझं घर अमरावतीचं, अंबापेठेतलं. आजोबांची भिक्षुकी, वडील रविकांत वकील. आमच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नाही. कोंबडीला मी हात लावला तो थेट कॉलेजात, आणि तोही परीक्षेपुरता.

लस टोचण्याआधी काही कोंबड्यांचं वजन लिहून घ्यायचं होतं. पाय बांधून मी कोंबडी काट्याला अडकवायचे, ती फडफडायची, काटा झुलायचा आणि आकडा काही ठरायचा नाही. रांगेतून एक बाई पुढे आल्या. पन्नाशी उलटलेली, अंगानं सडसडीत, पदर कमरेला खोचलेला, हातांवर वांग्याच्या काट्यांचे ओरखडे.

"काहून त्रास देऊन रायल्या तिले? द्या इकडं."

त्यांनी कोंबडी सोडवली, तिच्या छातीखाली तळहात सरकवला, तिचे दोन्ही पाय आपल्या बोटांमध्ये घेतले आणि तिचं डोकं आपल्या कोपराकडे वळवून तिला काखेशी धरलं. कोंबडी एकदम गप्प झाली. बाईंनी हात जरासा वरखाली केला.

"दीड किलोले शंभर कमी. लिहा."

मी लिहिलं नाही. त्यांना कोंबडी पिशवीत घालून द्यायला सांगितलं आणि ती काट्याला लावली. एक किलो तीनशे नव्वद.

मला योगायोग वाटला. दुसरी दिली, तिसरी दिली. सात कोंबड्या झाल्या. सर्वांत मोठी चूक चाळीस ग्रॅमची निघाली, तीही एका कोंबडीनं नुकतंच पाणी ढोसलं होतं म्हणून. तसं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मग एका घरची काळी कोंबडी आली. मी रजिस्टरमध्ये 'कडकनाथ' असं लिहायला घेतलं. पिसं काळी, पाय काळे, तुराही काळपट.

"थांबा बाई," त्या म्हणाल्या आणि अंगठ्यानं तिची चोच उघडली. "जीभ पाहा."

जीभ गुलाबी होती. फक्त टोकाशी शाईचा डाग पडावा तशी काळसर.

"हिच्या बापाकडून कडकनाथ असन. माय गावठी. कडकनाथाची जीभ आतपर्यंत कायी राह्यते."

मी 'कडकनाथ' खोडलं. पुस्तकात हे होतं. मी ते वाचलंही होतं. पण कोंबडीचं तोंड उघडून पाहायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्या दिवसापासून वलगावकडे काम निघालं की मी पंचफुलाबाईंच्या मळ्यात डोकावून यायला लागले. गावाबाहेर त्यांचा दीड एकराचा मळा. वांगी, मेथी, कोथिंबीर, बांधाला झेंडू. नवरा भगवंत, फार कमी बोलणारा माणूस. मी गेले की दोन खुर्च्या बाहेर आणून ठेवायचा आणि पुन्हा पाणी द्यायला जायचा. मळ्याच्या कडेला खुराडं, त्यात पंधरा-वीस कोंबड्या. आणि दर दोन-तीन दिवसांनी कुणी ना कुणी काखेत कोंबडी घेऊन यायचं. ही अंडी देईल का? हिला काय झालंय? ही ठेवू की विकू?

पंचफुलाबाई आधी कधीच बोलायच्या नाहीत. कोंबडी हातात घ्यायच्या. छातीचं हाड चाचपायच्या. ते सुरीच्या पात्यासारखं लागलं की कोंबडी उपाशी, बोटाखाली सापडेनासं झालं की नको इतकी माजलेली. मग शेपटीखालची दोन बारीक हाडं. त्यांच्यात दोन बोटं मावली तर अंडी चालू, एकच मावलं तर बंद. मग कानाची पाळी, डोळ्याचा काठ, चोच, पाय. सगळं मिळून पाव मिनिट. तोवर माणूस श्वास धरून उभा.

एकदा शेजारची एक बाई म्हणाली, माझी कोंबडी रोज अंडं घालते, कुठंतरी बाहेर घालते, सापडत नाही. पंचफुलाबाईंनी चोच बघितली आणि म्हणाल्या, "अंडं घालतच नाई वं ते. बंद होऊन वीस दिवस झाले. हे पाह्य, चोचीच्या बुडाशी पिवळा रंग परत येऊन रायला. टोक अजून पांढरं हाय. अंडी चालू असताना सगळा रंग अंड्यात जाते. बंद झाली की बुडापासून भरत येते."

ती बाई गेल्यावर मी घरी जाऊन जुनं पुस्तक काढलं. तेच कोष्टक. अंगाच्या कुठल्या भागाचा रंग किती अंड्यांनंतर उतरतो, कुठल्या क्रमानं परत येतो. मी ते पाठ केलं होतं, त्यावर मार्क मिळवले होते. पण कोंबडीच्या चोचीवर ते कधी मला दिसलं नव्हतं. पंचफुलाबाई सातवी शिकलेल्या. त्यांना मी विचारलं, "काकू, हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"मायनं," त्या म्हणाल्या. आणि विषय वांग्यावरच्या अळीवर नेला.

त्यांची माय, तानुबाई, मला कळली ती कार्तिकातल्या एका दुपारी. त्या दिवशी कुंदन आला होता. कुंदन त्यांचा शेजारी, भाजीचा टेम्पो चालवतो. वलगावची भाजी अकोल्याला टाकतो, परतताना कधी बार्शीटाकळीपर्यंत चक्कर मारतो. टेम्पोतून तो एक कोंबडी घेऊन उतरला.

"काकू, उद्या पाव्हणे येऊन रायले. बार्शीटाकळीच्या बाजारातून आणली. कापाजोगी हाय का नुसती हाडं?"

पंचफुलाबाईंनी तिला नेहमीसारखं हातावर घेतलं. करड्या अंगावर जिरं सांडल्यासारखे ठिपके, डोक्यावर बारीक पिसांचा तुरा, पाय पिवळे. मला ती चारचौघींसारखी गावठी कोंबडी वाटली.

"तेराशे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांची. छाती भरलेली हाय. रोगराई काही नाई." मग पोट उलटं करून पाहिलं. "पिलं काढली हिनं एवढ्यात. पोटावरची पिसं झडून नवे कोंब फुटून रायले. नखं पाह्य कशी घासली. आपल्या काया मातीतली कोंबडी नव्हे, मुरमाड उतारावरची. इतकी चांगली कोंबडी कोणी काहून विकन? काहीतरी खोड असन तिची."

कुंदन खूश झाला. "मंग कापतो."

पंचफुलाबाईंचा अंगठा कोंबडीच्या पायावर थांबला होता. त्यांनी तो पाय मोकळा केला, बोटं पसरली. मागचं बोट एक असतं. इथं दोन होती. दुसरं बारीक आणि वर वळलेलं.

"पाच बोटं," मी म्हणाले. "असतात काकू एखादीला. गावठीत हा गुण मधूनच दिसतो."

त्यांना ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. त्यांनी डावा पाय उन्हाकडे धरला. बोटांच्या मधला पातळ पडदा उन्हात गुलाबी दिसत होता. आतल्या दोन बोटांमधल्या पडद्यात एक बारीक, गोल भोक होतं. त्यातून ऊन पलीकडे जात होतं.

पंचफुलाबाई खाली बसल्या. कोंबडी मांडीवर.

"काय झालं, काकू?" कुंदन घाबरला.

"हे कापायची नाई. तुले दुसरी देतो, दोन देतो. पण हे कापायची नाई."

भगवंतराव पाण्याचा पाइप तसाच टाकून आले. बायकोचा चेहरा बघून त्यांनीच कुंदनला आपल्या खुराड्यातली कोंबडी काढून दिली. कुंदन गेल्यावर पंचफुलाबाई मला सांगू लागल्या.

त्यांचं माहेर वरूडकडचं. बापाची संत्र्याची लहानशी बाग होती. बागेत मायनं कोंबड्या पाळल्या होत्या. झाडाखालच्या अळ्या, मुंग्या त्या वेचून खायच्या. मायच्या कोंबड्या वेगळ्या होत्या. जिऱ्या रंगाच्या, तुरेवाल्या, पिवळ्या पायाच्या आणि पाच बोटांच्या. तानुबाईंच्याही मायकडून आलेल्या. ज्या पिलाला पाचवं बोट नसेल ते मोठं झालं की विकायचं, बाकीची ठेवायची, असा नेम. आणि पिलू अंड्यातून निघालं की पहिल्याच दिवशी त्याच्या डाव्या पायाच्या आतल्या पडद्यात सुईनं भोक पाडायचं. शेजारपाजारच्या कोंबड्यांत मिसळली तरी ओळखू यावी म्हणून. ते भोक जन्मभर बुजत नाही.

सिंधू ही पंचफुलाबाईंची मोठी बहीण, पाच वर्षांनी मोठी. दोघी मायच्या हाताखाली शिकल्या. माय डोळे मिटायला सांगायची आणि हातात कोंबडी द्यायची. कोणती? किती वजनाची? अंड्यावर आहे का? चुकलं की हसायची, मारायची नाही.

सिंधू एकोणीस वर्षांची असताना संत्रा भरायला येणाऱ्या शेखर नावाच्या मजुराबरोबर निघून गेली. तो दुसऱ्या जातीचा. बापानं तिचं नाव घरात बंद केलं. तिचा फोटो चुलीत घातला. "माझी एकच पोरगी," असं तो लोकांना सांगायचा. पुढं तीन वर्षांनी मानमोडी आली आणि चार दिवसांत मायच्या सगळ्या कोंबड्या गेल्या. एकही उरली नाही. त्यानंतर मायनं कोंबडी पाळली नाही. पंचफुलाबाईंचं लग्न झालं, बाप गेला, बाग गेली, माय लेकीकडे वलगावला आली आणि अकरा वर्षांपूर्वी तीही गेली. सिंधूचा पत्ता लागला नाही. कुणी म्हणायचं सुरतेला आहे, कुणी म्हणायचं बुऱ्हाणपूरला.

"बेचाळीस वर्षं झाली," पंचफुलाबाई म्हणाल्या. "अन् हे कोंबडी पाह्य."

माझ्यातल्या डॉक्टरला राहवेना. "काकू, पाचवं बोट कुठल्याही गावठी कोंबडीत येऊ शकतं. तुराही येतो. रंगही."

"येते ना. मी कुठं नाई म्हणून रायली?" त्या म्हणाल्या. "बोट आपसुक येते. भोक येत नाई, बाई. भोक माणसाले पाडा लागते."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी रजा टाकली. मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. सकाळी कुंदनच्या टेम्पोत आम्ही तिघं पुढे बसलो. पंचफुलाबाईंच्या मांडीवर टोपलीत ती कोंबडी. मागे गवार आणि वांग्यांची पोती. बडनेरा मागे पडलं, मूर्तिजापूर गेलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तुरीला पिवळी फुलं. अकोल्याला भाजी उतरवली आणि बार्शीटाकळीचा रस्ता धरला. इतक्या वेळात पंचफुलाबाई एकच वाक्य बोलल्या.

"तिथं गेल्यावर कोणाले नाव इचारू नका. नाव नको. मी आधी कोंबड्या पाह्यतो."

मला कारण विचारावंसं वाटलं. मग कळलं. नाव विचारलं आणि सिंधू सोडून दुसरंच निघालं, तर तिथंच सगळं संपलं असतं. त्यांना ते थोडं लांबवायचं होतं.

बाजारात कुंदननं कोंबडी विकणारी ती बाई लगेच ओळखली. नीलम तिचं नाव, तिशीतली, पुढ्यात अंड्यांची टोपली आणि पाय बांधलेले तीन कोंबडे. आमच्या टोपलीतली कोंबडी बघून तिनं कपाळाला हात लावला.

"परत आणली का, दादा? घेताना तर काही बोलले नाई तुमी. मी परत नाई घेत."

"परत नाई करत," पंचफुलाबाई म्हणाल्या. "काहून विकली ते सांग फक्त."

"दुसरीच्या पिलांले टोचे मारते. दोन पिलं मारली. नाईतर आमच्या सासूबाई पाच बोटाची कोंबडी इकू देतात का? हे एकच देली. तेबी मी तीनदा इचारल्यावर."

पंचफुलाबाईंनी माझा हात धरला. त्यांची बोटं थंडगार होती. तरी त्यांनी सासूचं नाव विचारलं नाही. "आमाले तुमच्या कोंबड्या पाह्यच्या आहेत," एवढंच म्हणाल्या. नीलमला ते विचित्र वाटलं असणार, पण मी सरकारी डॉक्टर आहे असं कुंदननं सांगितल्यावर ती तयार झाली. तिचे कोंबडे विकून होईपर्यंत आम्ही थांबलो आणि तिला टेम्पोतच घेऊन निघालो.

गाव सात-आठ किलोमीटरवर. शेवटचा तुकडा चढाचा. काळी जमीन संपली आणि चाकाखाली मुरूम करकरू लागला. मी पंचफुलाबाईंकडे बघितलं. त्या रस्त्याकडेच बघत होत्या. कोंबडीची घासलेली नखं मलाही आठवली आणि माझ्या अंगावर काटा आला. आपल्या मळ्यात बसून, एका कोंबडीच्या पायावरून, या बाईनं शंभरेक किलोमीटर दूरची जमीन ओळखली होती.

उतारावर विटांचं घर, पुढे तुराट्यांचं कुंपण. कुंपणाच्या आत कोंबड्या.

तिथं जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. तीस-पस्तीस कोंबड्या मुरमात पाय उकरत होत्या आणि सगळ्यांचा रंग एकच, जिऱ्याचा. सगळ्यांच्या डोक्यावर तुरा. सगळ्यांचे पाय हळदीसारखे पिवळे. आम्ही कॉलेजात जातींची चित्रं बघायचो, त्यात एकसारख्या कोंबड्या रांगेनं काढलेल्या असायच्या. त्यामागे संशोधन केंद्रं असतात, नोंदी असतात, शास्त्रज्ञांच्या पिढ्या असतात. इथं तुराट्यांचं कुंपण होतं. कुणीतरी वर्षानुवर्षं, पिलामागून पिलू पारखून, ही जात एकटीनं सांभाळली होती, आणि जगात ते कुणालाच माहीत नव्हतं.

पंचफुलाबाई कुंपणाशी उभ्या राहिल्या. आत जाईनात.

घरातून एक म्हातारी बाहेर आली. पंचफुलाबाईंपेक्षा उंच, पण खूप खंगलेली. तिनं डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे पाहिलं. ओळखीचं काहीच त्या चेहऱ्यावर उमटलं नाही. चौदा वर्षांची परकरी पोर तिनं मागे सोडली होती. समोर छप्पन्न वर्षांची बाई होती.

"आज कोंबड्या इकायच्या नाईत," ती म्हणाली.

पंचफुलाबाई फाटक ढकलून आत गेल्या. वाटेत आलेल्या एका कोंबडीपुढे वाकल्या, छातीखाली तळहात सरकवला, पाय बोटांत घेतले, डोकं कोपराकडे वळवलं आणि तिला काखेशी धरून उभ्या राहिल्या. कोंबडी गप्प.

म्हातारी ते बघत राहिली. मग पायरीवरून एक पाऊल खाली आली.

"असी कोंबडी धरायले तुले कोणं शिकवलं वं?"

"जिनं तुले शिकवलं, तिनंच, ताई."

म्हातारीनं कोंबडी काढून घेतली, खाली सोडली आणि पंचफुलाबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला. डोळे मिटून धरला. कपाळ, भुवया, गाल, हनुवटीवरचा लहानपणीचा वण. मग "पंची" म्हणाली आणि दोघी तिथंच मुरमात बसल्या. नीलम माझ्या तोंडाकडे, मी कुंदनच्या तोंडाकडे. कुंदन टेम्पोचा आरसा पुसायला निघून गेला.

चहा झाला तेव्हा ऊन कललं होतं. शेखर सहा वर्षांपूर्वी वारला होता. मुलगा पुण्याकडे कारखान्यात, सून आणि सासू इथं. सिंधूताई लग्नानंतर दहा वर्षांनी एकदा वरूडला गेल्या होत्या, पण बागेचे मालक बदललेले, घराला कुलूप. कुणाला विचारायची हिंमत झाली नाही. माय गेल्याची बातमी त्यांनी पंचफुलाबाईंकडूनच ऐकली. बराच वेळ पदर तोंडाला लावून बसल्या.

मग म्हणाल्या, "पंची, एक गोष्ट सांगतो. आजवर कोणाले सांगतली नाई. मी गेलो त्या दिवशी मायची कोंबडी चोरून नेली. अंड्यावरची होती. पदराखाली घातली अन् अंडी पिशवीत. माय काय म्हणली असन, रोज मनात येते. घर तं सोडलंच, अन् मायच्या घरी चोरीबी केली. म्हणून हे जात मरू देली नाई. कधी भेटली तं तिची तिले परत करू म्हणलं."

पंचफुलाबाई हसल्या. डोळ्यांत पाणी आणि हसू.

"मायले ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"सकाळी बापानं कोंबड्या मोजल्या. एक कमी. तो रागानं लाल. माय म्हणली, मुंगसानं नेली. बाप खुराड्याकडे पाह्याले गेला तं तिथं पिसं पडेल होते. त्याले पटलं. पण मी आधी उठेल होतो, ताई. मायनं दुसऱ्या कोंबडीची पिसं उपटली अन् खुराड्यापुढं फेकली, मी डोळ्यांनी पाह्यलं. मले पाहून तिनं ओठावर बोट ठेवलं. चोरीचा बोल तुह्या माथी येऊ नाई म्हणून. मंग कधी पाऊस लागला, थंडी पडली, की चुलीपुढं म्हणायची, तिची कोंबडी पिलं काढत असन आता. 'तिची' म्हणायची. 'माही' नाई."

सिंधूताई उठून अंगणात गेल्या, कोंबड्यांना दाणे टाकले. पाठमोऱ्या होत्या. खांदे हलत होते. बेचाळीस वर्षं एक बाई स्वतःला चोर समजत कोंबड्या पारखत राहिली होती, आणि ज्या दिवशी चोरी झाली त्याच सकाळी ती माफ झाली होती.

पंचफुलाबाई मागोमाग गेल्या. बहिणीच्या पाठीवरून हात फिरवला, मग मनगट धरलं, मग डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं खाली ओढली. मी ओळखलं, त्या काय करत होत्या ते.

"ताई, काय खातेस तू? अंगावर काही नाई तुह्या. डोया पांढरा पडला. डॉक्टरबाई, हे पाहा."

मी माणसांची डॉक्टर नाही, असं म्हणणार होते. पण पापणी खरंच कागदासारखी पांढरी होती. नीलम म्हणाली, चढ चढताना सासूबाईंना धाप लागते, त्या दवाखान्यात जायचं नाव काढू देत नाहीत.

"आता मी काढन," पंचफुलाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्या परत आल्याच नाहीत. कुंदनच्या फोनवरून त्यांनी भगवंतरावांना सांगितलं, "मेथीले पाणी द्या, मी चार दिवसांनी येतो." पलीकडून भगवंतराव म्हणाले, "आठ दिवस राह्य." इतकं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

अकोल्यात तपासणी झाली. सिंधूताईंच्या अंगात रक्त निम्म्याहून कमी होतं. डॉक्टरांनी दोन बाटल्या रक्त चढवलं, गोळ्या दिल्या आणि आणखी महिनाभर उशीर झाला असता तर अवघड होतं असं सांगितलं. मला त्यांनी विचारलं, हे लक्षात कुणाच्या आलं? मी पंचफुलाबाईंकडे बोट दाखवलं. त्या खुर्चीत बसून नर्सच्या हातातल्या सुईकडे बारकाईनं बघत होत्या.

मी पुढे दोनदा त्या गावाला गेले. सगळ्या कोंबड्या मोजल्या, मापं घेतली, फोटो काढले. चौतीस कोंबड्यांपैकी एकतीस पाच बोटांच्या. माझ्या जुन्या प्राध्यापकांना सगळं पाठवलं. त्यांचा उलट फोन आला, ही नोंद कुठल्या फार्मची आहे? फार्म नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मी स्वतः येतो. सिंधूताईंना मी ते कौतुकानं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब येतीन तं चपला बाहेर काढतीन ना? पिलं लहान आहेत."

संक्रांतीनंतर सिंधूताई पहिल्यांदा वलगावला आल्या. अंगावर मांस धरलं होतं, चेहऱ्यावर रंग होता. घरात जायच्या आधीच दोघी खुराड्यात शिरल्या. मी पोचले तेव्हा आतून भांडणाचा आवाज येत होता.

"सव्वा किलो."

"कुठली सव्वा? साडेअकराशे हाय. हात इसरला तुहा."

भगवंतरावांनी मला खुर्ची आणून दिली आणि माझा वजनकाटा मागितला. मी पिशवीतून काढला. मग त्यांनी खुराड्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि काटा मला परत दिला.

"राहू द्या, बाई," ते म्हणाले. "दोघींतली एक चुकन."

ते मेथीकडे निघून गेले. आत दोघी अजून भांडतच होत्या. मी बाहेर बसून ऐकत राहिले.